मिल्क पंपाचं सील : ७ एप्रिल ते ४ ऑगस्ट २०२५

धुळ्याजवळ मक्यापासून स्टार्च काढणारा आमचा कारखाना आहे. धुऊन झालेलं स्टार्च मिल्क (पाण्यात कालवलेलं स्टार्च) तळमजल्यावरच्या टाकीतून उचलायचं आणि वरच्या मजल्यावरच्या सेंट्रिफ्यूजला द्यायचं, यासाठी दोन पंप शेजारी शेजारी बसवलेत. फिरत्या शाफ्टपाशी गळती थोपवायला अ पंपाला मेकॅनिकल सील आहे, म्हणजे एकमेकींना टेकून फिरणाऱ्या दोन रिंगा, आणि ब पंप अजून शाफ्टभोवती आवळलेल्या ग्लँड दोरीवर चालतो. दोन्ही आडवे, १० एचपी, १४५० आरपीएम. मिल्क २० ते २१ बॉमेचं (बॉमे म्हणजे घनतेचं माप), हात लावला तर कोमट. या नोंदी अ पंपाच्या सीलच्या. मेंटेनन्सच्या रोजच्या रजिस्टरमध्ये एका ओळीपेक्षा जास्त जागा मिळत नाही, म्हणून ही वही वेगळी केली.

७ एप्रिल, सोमवार

दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी खालून फोन आला, अ पंपाखाली सगळं पांढरं झालंय. जाऊन बघतो तर ग्लँड प्लेटमधून (सीलच्या बाहेरच्या झाकणातून) धार लागलेली. बेस फ्रेमवर मिल्क साचलं होतं आणि उन्हाच्या झळीने कडेकडेने वाळून त्याच्या खपल्या धरल्या होत्या. ब पंप चालू करून अ बंद केला, सप्लाय काढून टॅग लावला, परमिट घेतलं आणि आप्पांना घेऊन पंप उघडला. आप्पा आमचे सर्वांत जुने फिटर. या कारखान्यात पहिला पंप बसला तेव्हापासून आहेत.

सील बाहेर आलं तेव्हा फिरती कार्बनची रिंग आणि तिच्यासमोरची सिरॅमिकची रिंग एकमेकींना चिकटलेल्या होत्या. हाताने सुटेनात. बादलीत अर्धा तास भिजत ठेवल्यावर सुटल्या. मध्ये एक पातळ, चकाकता पापुद्रा होता, नखाने उचलला तर अख्खा निघाला आणि उजेडात धरला तर आरपार दिसायला लागलं. कार्बनच्या कडेचे दोन टवके उडाले होते. सिरॅमिकवर मधोमध केसाएवढा तडा.

आप्पांनी तो पापुद्रा बोटावर घेतला आणि म्हणाले, "हा चीक आहे. शिजलेला." घरोघरी सध्या कुरडया चालल्यात. गव्हाचा पांढरा चीक चुलीवर हाटताना एका क्षणी काचेसारखा होतो, तसाच हा. मक्याचं स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान शिजतं. आमचं मिल्क ४० अंशांच्या आसपास असतं. म्हणजे चीक टाकीतून आलेला नाही, तो सीलच्या दोन रिंगांच्या मध्येच शिजला.

आजवर आम्ही सगळे "सीलची क्वालिटी खराब" असं लिहून मोकळे होत होतो. आज पहिल्यांदा वाटलं की सील चांगलंच होतं, आपणच त्याला जगू देत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

मागच्या वर्षीच्या मे महिन्यापासूनची जॉब कार्डं काढली. अकरा महिन्यांत सहा सीलं गेली. प्रत्येक कार्डावर "सील लीक, बदलले" एवढंच. पण कार्डावर कळवल्याची वेळ असते, ती मी एका कागदावर उतरवली. ३:४०, ११:१५, ३:१०, ७:३०, पहाटे २, आणि कालची ३:२०.

आमच्या पाळ्या ७, ३ आणि ११ ला बदलतात. सहांपैकी पाच सीलं पाळी बदलताना गेली. पहाटे २ च्या कार्डाच्या मागे पेन्सिलीने "लाइट गेली होती" असं लिहिलेलं सापडलं. ज्याने लिहिलं त्याचे मनापासून आभार, त्या तीन शब्दांनी माझा आठवडा वाचवला.

९ एप्रिल, बुधवार

स्टोअरमध्ये जुन्याच पद्धतीचं कार्बन-सिरॅमिकचं एक सील होतं. नवीन येईपर्यंत तेच बसवणं भाग आहे. ब पंपाची दोरी मिनिटाला ४०-५० थेंब तरी गळू द्यावी लागते, नाहीतर तापते, आणि स्टार्च तिच्यात घुसलं की ती कानस होऊन स्लीव्ह (शाफ्टवरची बाही) खाते. ब पंप जास्त दिवस चालवला तर स्टार्चही जातं आणि स्लीव्हही.

बसवण्यापूर्वी मापं घेतली. या पंपाची मापं आजवर कोणी घेतलीच नव्हती. शाफ्ट स्लीव्हवर डायल (बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज) लावून हाताने फिरवलं, काटा ०.१२ मिलिमीटर फिरला. ०.०५ च्या वर जाऊ नये. मग डायल शाफ्टला बांधून टोक स्टफिंग बॉक्सच्या (सील बसतं त्या कप्प्याच्या) तोंडावर टेकवलं आणि पुन्हा फेरी दिली, ०.१० आलं. म्हणजे ते तोंड शाफ्टला काटकोनात नाही.

हे इथे नीट लिहून ठेवतो, कारण पुढे येणाऱ्याला उपयोग होईल. स्थिर रिंग ग्लँड प्लेटमध्ये बसते आणि ग्लँड प्लेट त्या तोंडावर. तोंड तिरकं तर रिंग तिरकी. समोरची फिरती रिंग स्प्रिंगवर असते, तिला तिरक्या रिंगेला चिकटून राहायचं तर प्रत्येक फेरीत एकदा पुढे आणि एकदा मागे सरकावं लागतं. १४५० आरपीएमला दिवसाचे झाले २० लाखांहून जास्त हेलकावे. तेवढ्या वेळा तिच्या आतली रबराची ओ-रिंग स्लीव्हवर त्याच जागी घासते. आमच्या स्लीव्हवर बरोबर तिथेच खाच पडली आहे. डोळ्यांना फक्त चकाकी दिसते, नख फिरवलं की अडकतं.

नवीन स्लीव्ह स्टोअरमध्ये नाही, इंडेंट (मागणी) टाकला. खाचेवरून बारीक पॉलिश पेपर फिरवून सील बसवलं. हे तात्पुरतं आहे, हे मला माहीत आहे.

आणखी एक काम करून घेतलं. स्टफिंग बॉक्सला फ्लशिंगचं पाणी येतं त्या पाइपवर एक प्रेशर गेज आणि खुद्द बॉक्सच्या रिकाम्या प्लगच्या जागी दुसरा. दोन गेज समोरासमोर असले की वाद संपतो.

११ एप्रिल, शुक्रवार

या पंपाच्या सीलला बाहेरून स्वच्छ पाणी देतो. ते पाणी बॉक्समध्ये शिरून आतल्या अरुंद बुशमधून पंपात जातं आणि मिल्कला सीलपाशी येऊ देत नाही. हे तेव्हाच चालतं जेव्हा पाण्याचा दाब बॉक्समधल्या दाबापेक्षा जास्त असतो, निदान १ बारने तरी.

आज सकाळी ९ ला पाणी २.२ बार, बॉक्स १.१. उत्तम. १२ ला २.१. अडीचला २.१. साक्री तालुक्यातला हेल्पर पोरगा गेजपाशी बसवला होता आणि दर पाच मिनिटांनी आकडा लिहायला सांगितलं होतं. २:५० ला तोच धावत आला, "भाऊ, पानीना दाब कमी व्हयना!" म्हणजे पाण्याचा दाब कमी झाला.

गेलो तेव्हा काटा १.५ वर होता. डोळ्यांदेखत १.० झाला, मग ०.६. बॉक्समध्ये १.१ तसेच. म्हणजे आता पाणी आत जात नव्हतं, मिल्क बाहेर सीलकडे येत होतं. वर बघितलं तर पाळी संपायच्या आधीची धुलाई सुरू झालेली. तीन मोठे होज फरशी धूत होते आणि तिन्ही त्याच लाइनवरून घेतलेले. आमच्या सीलचा अर्धा इंची फाटा सगळ्यांत शेवटी. काटा २ च्या वर परत आला तो ३:२५ ला.

रोज तीन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, हे सील स्वच्छ पाण्यावाचून राहतं. दोन रिंगांच्या मध्ये पाण्याची फिल्म असते ती जेमतेम एक मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. त्या फिल्ममध्ये मिल्क शिरलं, घर्षणाने तापलं, शिजलं, की दोन्ही रिंगांना डिंक लावल्यासारखं होतं. पुढच्या वेळी पंप चालू झाला की आधी डिंक तुटतो आणि त्याच्याबरोबर कार्बनचे टवके.

फरशी धुणाऱ्यांचा यात काडीचा दोष नाही. त्यांना पाणी जिथे मिळालं तिथून त्यांनी घेतलं. तो फाटा कधीतरी कोणी काढून दिला, तेव्हा शेवटी कोण आहे हे बघितलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार

जेवणाच्या सुट्टीत हेल्पर पोराला हे समजावून सांगत होतो. तो म्हणाला, आमच्या गावाला पांझरेच्या बंधाऱ्यावर फड (बंधाऱ्याचं पाणी वाटून घेणारी शेतं) आहे, तिथे शेवटच्या शेताला पाणी पोचतं की नाही हे बघायला पाटकरी असतो. ज्याच्या मनात आलं त्याने पाट फोडला असं तिथे चालत नाही. माझं अर्ध्या तासाचं स्पष्टीकरण त्याने दोन वाक्यांत संपवलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच सांगणार आहे.

दुपारी ३ ला फ्लशिंगच्या पाण्याचं तापमान घेतलं. ४६ अंश. लाइन गच्चीवरून उघड्यावर येते आणि बाहेर ४२. सकाळी हेच पाणी ३१ होतं. जे पाणी सील थंड ठेवायला आणलं तेच मिल्कपेक्षा गरम. शिवाय बोअरचं पाणी, जड. ग्लँडच्या बाहेरच्या बाजूला पांढरा क्षार धरलाय, पूर्वी आम्ही त्याला वाळलेलं स्टार्च समजत होतो. लिंबू पिळून बघितलं, फसफसलं.

१६ एप्रिल, बुधवार

सोमवारची मीटिंग आंबेडकर जयंतीच्या सुट्टीमुळे आज झाली. मी तीन गोष्टी मागितल्या. सीलसाठी वेगळी लाइन, बॉयलरच्या सॉफ्टनरचं (जडपणा काढलेलं) पाणी, आणि नवीन प्रकारचं सील.

प्रॉडक्शनच्या साहेबांचा आक्षेप रास्त होता. तुम्ही दाब वाढवणार म्हणजे आमच्या मिल्कमध्ये पाणी वाढणार, बॉमे उतरणार. मी हिशेब मांडला. मिनिटाला ४ लिटर म्हणजे तासाला २४०. पंप तासाला ४० हजार लिटर मिल्क उचलतो. अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. ते वहीत करून बघत होते, मग म्हणाले, रोटामीटर (पाण्याचा प्रवाह दाखवणारी नळी) लावून द्या आणि ४ च्या वर जाऊ देऊ नका. लावून देणार.

डबल सीलचा विषय निघाला. त्यात दोन सीलं पाठीला पाठ लावून असतात आणि मधल्या जागेत दाबाखालचं पाणी फिरतं, त्यामुळे मिल्कमध्ये जवळजवळ पाणी जात नाही. चांगलीच वस्तू आहे. पण तिलाही दाबाचं, स्वच्छ, अखंड पाणी लागतंच, आणि किंमत सिंगलच्या तिप्पट सांगितली आहे. ज्या घरात नळाला पाणी नाही तिथे महागडी तोटी बसवून काय होणार? आधी पाणी. सिंगल कार्ट्रिज (आधीच जुळवून येणारं, अख्खं बसवायचं सील) घ्यायचं ठरवलं.

२२ एप्रिल, मंगळवार

सीलचं ड्रॉइंग आलं, आप्पांबरोबर बसून ओळीओळीने तपासलं.

दोन्ही फेस, म्हणजे रिंगांच्या एकमेकींना टेकणाऱ्या बाजू, सिलिकॉन कार्बाइडचे. स्टार्चमध्ये बारीक वाळू थोडीफार येतेच, मका शेतातून येतो. कार्बन मऊ, तो झिजतो. दोन्ही कठीण फेस कोरडे चालले तर लवकर तापून तडकतात, म्हणजे पाण्याची जबाबदारी वाढली, हे मी मीटिंगच्या कागदावर लिहून दिलं आहे. स्प्रिंगा स्थिर बाजूला आणि मिल्कच्या बाहेर, त्यामुळे त्यांच्यात स्टार्च भरून त्या जाम होणार नाहीत.

एक चूक सापडली. ड्रॉइंगमध्ये ओ-रिंग व्हायटॉन रबराच्या होत्या. व्हायटॉन महाग म्हणून चांगलं, अशी आमच्याकडे समजूत आहे. तेलाला ते चांगलंच. पण आमची लाइन दर पंधरा दिवसांनी गरम कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने) धुतात, आणि गरम कॉस्टिकमध्ये व्हायटॉन कडक होऊन चिरतं. इथे ईपीडीएम रबर हवं. जुन्या सीलमधल्या ओ-रिंगा वाकवून बघितल्या, तीनपैकी दोन कट्कन मोडल्या. दुरुस्ती करून ड्रॉइंग परत पाठवलं.

३० एप्रिल, बुधवार, आखाजी (अक्षय्य तृतीया)

अर्धे लोक सुट्टीवर. लेकी माहेरी आल्यात, गावोगाव झोके बांधलेत. आप्पाही गावी. मला थांबावं लागलं, कारण नवीन पाण्याची लाइन निम्मी झाली आहे आणि वेल्डर आजच मिळाला.

दुपारी १:४० ला वीज गेली ती ४० मिनिटं. मी मुद्दाम जाऊन अ पंपापाशी उभा राहिलो. पंप थांबला. फ्लशिंगचा पंपही त्याच विजेवर, तोही थांबला. पाण्याचा गेज सरळ शून्यावर. बॉक्सचा गेज ०.५ वर स्थिर, कारण टाकीत साडेचार मीटर मिल्क भरलेलं आणि सक्शन व्हॉल्व्ह (मिल्क पंपात येतं त्या बाजूचा) उघडा. ४० मिनिटं ते मिल्क हळूहळू सीलमध्ये शिरत होतं आणि मला नुसतं बघत राहावं लागलं. हाताने सक्शन व्हॉल्व्ह बंद करायला गेलो तर स्पिंडल फिरेना.

वीज आली, पंप सुरू झाला, दहा मिनिटांत ग्लँडमधून थेंब, अर्ध्या तासात धार. बरोबर २१ दिवस टिकलं. मागच्या वर्षीच्या पहाटे २ च्या सीलचं असंच झालं असणार.

ब पंप चालू केला. घरी पुरणपोळी आणि आंब्याचा रस वाट बघत होता, संध्याकाळी ७ ला पोचलो. पण आज जे डोळ्यांनी बघितलं ते मीटिंगमध्ये कितीही बोलून मला पटवता आलं नसतं. नवीन लाइनचं ड्रॉइंग रात्रीच बदललं. पाण्याचा दाब वाढवणाऱ्या बूस्टर पंपाला बायपास द्यायचा, त्यात एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह). वीज गेली की गच्चीवरच्या शेडमधल्या सॉफ्ट पाण्याच्या टाकीतून पाणी आपोआप उताराने यावं. टाकी पंपापासून १३ मीटर उंच आहे, म्हणजे १.२ बार तरी मिळतील. मिल्कचे ०.५. पुरेसं आहे.

३ मे, शनिवार

लाइन पूर्ण. गच्चीवरून न आणता जिन्याच्या कडेने सावलीतून आणली. दुपारी ३ ला पाणी ३४ अंश.

५ मे, सोमवार

नवीन स्लीव्ह, नवीन बेअरिंग आणि कार्ट्रिज सील तिन्ही हातात आली. प्लँटकडून दोन दिवस मागून घेतले.

सक्शनच्या फ्लँजचे बोल्ट सैल करत होतो. शेवटचा बोल्ट निघाला आणि पाइप "टण्ण" करून ६ मिलिमीटर खाली बसला. आप्पा दोन पावलं मागे झाले. एवढा पाइप इतकी वर्षं पंपाच्या मानेवर लटकत होता. टाकीपासून पंपापर्यंत साडेतीन मीटरमध्ये एकही सपोर्ट नाही. कोणे एके काळी होता, त्याच्या बेस प्लेटचे बोल्ट अजून जमिनीत आहेत. साफसफाईला अडतो म्हणून कोणी तरी कापला असावा.

पाइप सुटा असताना पुन्हा स्टफिंग बॉक्सच्या तोंडावर डायल लावला. ०.१० चं ०.०४ झालं. काहीही न कापता, न घासता. एप्रिलमध्ये मी हे तोंड लेथवर घ्यायचा विचार करत होतो. घेतलं असतं तर चांगलं तोंड वाकडं करून बसलो असतो.

संध्याकाळपर्यंत दोन सपोर्ट लावले आणि फ्लँजा अशा जुळवल्या की बोल्ट बोटांनी आत जातात. आप्पांची कसोटी हीच आहे. टॉमी (लोखंडी दांडा) लावून बोल्ट घालायला लागला तर पाइप चुकलाय.

६ मे, मंगळवार

सील बसवलं. क्रम लिहून ठेवतो.

नवीन स्लीव्हवर डायल ०.०३. शाफ्ट हाताने पुढे-मागे ओढला, ०.०४. कडा आणि चावीच्या खाचेची धार पेपरने मोडली, कारण ओ-रिंग त्या धारेवरून सरकते आणि तिथेच चिरते. बाहेरून कितीही बघा, बसल्यावर ती चीर दिसत नाही.

हेल्पर पोराने मदतीच्या उत्साहात ओ-रिंगला बेअरिंगचं ग्रीस लावलं. थांबवलं. ईपीडीएमला खनिज तेल आणि ग्रीस चालत नाही, ती फुगते आणि लिबलिबीत होते. ती रिंग बाजूला काढून दुसरी घातली, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून. त्याला वाईट वाटलं. मी ती ग्रीसवाली रिंग एका डबीत ग्रीसमध्येच बुडवून त्याच्याकडे दिली, आठ दिवसांनी चांगल्या रिंगेशी लावून बघ म्हटलं.

सीलच्या फेसला बोट लावायचं नाही. हे फेस हेलियमच्या उजेडात काचेचा ऑप्टिकल फ्लॅट ठेवून तपासतात, दोन-तीन पट्ट्यांच्या आत सपाट असावे लागतात, आणि एक पट्टी म्हणजे ०.२९ मायक्रॉन. घामाच्या बोटाचा ठसाही त्यापुढे डोंगर. कार्ट्रिजचा हा मोठा फायदा, फेस आत बंद असतात. पिशवी फाडल्यापासून बसेपर्यंत कोणाचा हात लागत नाही, आणि स्प्रिंग किती दाबायची ते मापही मोजावं लागत नाही.

ग्लँडचे चार नट समोरासमोरचे, थोडे थोडे. मग कपलिंग, म्हणजे मोटर आणि पंपाच्या शाफ्टची जोडणी. मोटरच्या एका पायाखाली ०.१५ ची फट निघाली, बोल्ट सैल केला की डायल उसळायचा. शिम (पातळ पत्रा) घातली. अलाइनमेंट ०.०५ च्या आत यायला दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत चहा तीनदा आला. हे सगळं झाल्यावर मगच सीलला शाफ्टवर पकडणारे स्लीव्हच्या कॉलरचे ग्रब स्क्रू आवळले, आणि सर्वांत शेवटी बसवेपर्यंत सील जुळवून धरणाऱ्या सेटिंग क्लिपा बाहेर फिरवल्या. हा क्रम उलटा झाला तर सील वाकड्या जागी कायमचं पकडलं जातं. क्लिपा राहून गेल्या तर पहिल्याच फेरीत त्या ग्लँडवर आपटतात. आप्पांनी चारही क्लिपा मोजून माझ्या हाताला लावून दाखवल्या. मग हाताने शाफ्ट दहा फेऱ्या फिरवला, कुठे अडकत नाही, खरखर नाही.

७ मे, बुधवार

सकाळी ९ ला सुरू. आधी फ्लशिंगचं पाणी, रोटामीटर ४ वर. मग सक्शन उघडून हवा काढली. मग डिलिव्हरीचा (मिल्क बाहेर जातं त्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडा दाबून पंप. पहिली पाच मिनिटं एक-दोन थेंब आले, मग थांबले. पाणी २.४, बॉक्स १.१. ग्लँड प्लेटवर हात ठेवला, गार.

बंद करताना उलटा क्रम, आणि फ्लशिंगचं पाणी सगळ्यांत शेवटी. हे मोठ्या अक्षरात रंगवून पंपासमोरच्या भिंतीवर लावलं. मराठीत लिहिलं. आधीची सूचना इंग्रजीत होती आणि ज्यांना व्हॉल्व्ह फिरवायचा असतो त्यांच्यापैकी कोणीच ती वाचत नव्हतं.

१२ मे, सोमवार

प्रेशर स्विच लागला. पाणी १.६ च्या खाली गेलं की हूटर, १.३ च्या खाली दहा सेकंद राहिलं की पंप ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. ट्रिपला प्रॉडक्शनचा विरोध होता, अचानक पंप थांबला तर सेंट्रिफ्यूजचा माल बिघडेल. मी म्हटलं, हूटर ऐकून तुमचा माणूस दोन मिनिटांत ब पंप सुरू करू शकतो, आणि सील गेलं तर सीलही जातं आणि मालही. महिनाभर करून बघू, असं ठरलं.

मग सगळ्यांसमोर पंपाची आणि बूस्टरची वीज मुद्दाम काढली. पंप थांबला, बूस्टर थांबला, काटा २.४ वरून घसरत १.२ वर आला आणि तिथे थांबला. बॉक्स ०.५. अर्धा तास उभे राहिलो. सुरू केलं, एक थेंब नाही. प्रॉडक्शनचे साहेब स्वतः वाकून ग्लँडखाली बॅटरी मारून बघत होते. मला फार बरं वाटलं.

हेल्पर पोराने डबी आणली. ग्रीसमधली रिंग चांगल्या रिंगेपेक्षा जाड झाली होती आणि बोटाने दाबली तर दबून राहत होती. ती त्याने आपल्या टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवली आहे.

९ जून, सोमवार

रात्री १२:३० ला हूटर. पाळीवरच्या माणसाने ब पंप सुरू करून अ थांबवला आणि मग मला फोन केला. अगदी बरोबर केलं. घरून निघून १ ला पोचलो. रोटामीटरचा बोंडू १ लिटरवर, बूस्टर व्यवस्थित. गाळणी उघडली तर आत मोहरीएवढे, मधाच्या रंगाचे गोल दाणे गच्च भरलेले. मुठीत घेतले तर ओलसर, बोटांमधून निसटणारे. सॉफ्टनरचं रेझिन. सॉफ्टनरच्या आतला एक नोझल फुटला आहे आणि दाणे पाण्याबरोबर येतायत. बॉयलरवाल्यांना त्याचा पत्ता नव्हता, आमच्या गाळणीमुळे लागला. नाहीतर ते बॉयलरच्या फीड टाकीत जाऊन बसले असते.

दुसरी गाळणी समांतर लावायचा इंडेंट टाकला, म्हणजे एक साफ करताना पाणी बंद करायला नको. हे आधीच सुचायला हवं होतं. सील ठीक, गळती नाही.

बाहेर पाऊस झाला होता. गेटपासून प्लँटपर्यंत ओल्या मातीचा आणि भिजलेल्या मक्याचा वास.

४ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाईचा सण होता. आज आप्पांनी सगळ्या मेंटेनन्सला प्रसाद आणला.

अ पंपाला ८९ दिवस झाले. या काळात वीज ११ वेळा गेली, हूटर ३ वेळा वाजला, ट्रिप एकदा. ग्लँडखाली फरशी कोरडी आहे, फरशीचा मूळचा लाल रंग मी पहिल्यांदा बघितला. बॉक्सवरचं तापमान ३६. स्लीव्ह बघायची फार इच्छा आहे, पण चालतं सील उघडायचं नसतं. उघडलं की ते फेस पुन्हा तसेच जुळत नाहीत.

ब पंपासाठी कार्ट्रिज स्टोअरला आलंय, ओ-रिंग ईपीडीएम, तपासल्या. त्याच्या सक्शन पाइपलाही सपोर्ट नाही, तो आधी लावायचा. मग डायल. परमिट उद्या सकाळी ७ चं काढलं आहे, आप्पा आणि हेल्पर पोरगा दोघेही पहिल्या पाळीला.